१८३७ चं बंड टोरांटोत पायी कसं पाहावं

घरी पाहुणे आले की नायगारा झाल्यावर मी त्यांना यंग स्ट्रीटवर नेतो. तुम्हीही न्या, पण उलटा क्रम नको.

सुरुवात एग्लिंटन स्टेशनपासून. थोडं उत्तरेला, जुन्या पोस्टाच्या इमारतीच्या जागी मॉन्टगोमेरीची खानावळ होती. ब्रिटिश गव्हर्नरभोवतीच्या मूठभर घराण्यांनी जमिनी आणि पदं आपसांत वाटून घेतली म्हणून वैतागलेले शेतकरी डिसेंबर १८३७ मध्ये इथे जमले. पुढारी विल्यम लायन मॅकेन्झी, शहराचा पहिला महापौर.

आता दक्षिणेकडे चालत सुटा, कॉलेज स्ट्रीटपर्यंत सुमारे ५ किलोमीटर. बूट चांगले घाला. ५ डिसेंबरच्या रात्री बंडखोर या भागापर्यंत पोचले होते. अंधारात सरकारी बाजूच्या शेरीफच्या (पोलीस अधिकाऱ्याच्या) माणसांनी गोळ्या झाडल्या. बंडखोरांपैकी सॅम्युअल लाउंटच्या पुढच्या रांगेने उत्तर दिलं आणि मागच्यांना गोळी झाडता यावी म्हणून ती खाली वाकली. मागच्यांना वाटलं, सगळे मेले! पळापळ. गंमत म्हणजे शेरीफची माणसंही पळत सुटली होती. ही गोष्ट तिथेच, फुटपाथवर उभं राहून सांगा. दोन दिवसांनी खानावळीपाशी बंड मोडलं.

मग बाँड स्ट्रीटवरचं मॅकेन्झीचं घर. आत छापखाना आहे, तो नीट बघा. १८२६ मध्ये विरोधकांनी मॅकेन्झीच्या तेव्हाच्या छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, सरोवरात फेकली होती.

शेवटी नेक्रोपोलिस स्मशानभूमी. १२ एप्रिल १८३८ ला फाशी दिलेले बंडखोर लाउंट आणि पीटर मॅथ्यूज इथे आहेत. मॅकेन्झीही. थर्मासमधला चहा मी इथेच, फाटकाबाहेर उघडतो.