गोल्ड विंगच्या मागच्या चाकाला कारचा टायर: बसवायचाच असेल तर

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलवाल्यांत याला ‘डार्क साइड’ म्हणतात. होंडा गोल्ड विंग, व्हाल्किरी, ट्रायम्फ रॉकेट थ्री अशा शाफ्टवर (चेनऐवजी फिरणाऱ्या दांड्यावर) चालणाऱ्या जड गाड्यांच्या मागच्या चाकाला मोटरसायकलचा टायर काढून कारचा घालायचा, एवढाच हा प्रकार. पुढचे चाक जसेच्या तसे राहते. तिथे कारचा टायर घालायचा विचारही करू नये.

कारण साधे आहे. ४०० किलोच्या वरची गाडी, वर दोन माणसे, भरलेल्या डिक्क्या आणि शेकडो मैल सरळ इंटरस्टेट हायवे. गोल पाठीचा टायर मधोमध झिजून सपाट होतो आणि कडेचे रबर तसेच नवे राहते. कारच्या टायरची पाठ मुळातच सपाट, रबर कडक आणि भार पेलायची ताकद कितीतरी जास्त, म्हणून तो दुप्पट-तिप्पट चालतो. शाफ्टच्याच गाड्या का? चेन किंवा बेल्ट असला की रुंद टायर त्याला घासतो. शाफ्टच्या गाडीत ती अडचण नसते.

आता न आवडणारी गोष्ट आधीच सांगून टाकू. टायर कंपन्या आणि मोटरसायकल कंपन्या दोघीही याला नाही म्हणतात. अमेरिकेतली बरीच दुकाने कारचा टायर मोटरसायकलच्या रिमवर चढवून देत नाहीत. विमा कंपनीला आधी लेखी विचारावे. भारतात तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते: कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या गोल्ड विंगवाल्याने हे वाचावे आणि सोडून द्यावे. पुढचे सगळे २००१ ते २०१७ च्या जीएल १८०० या गोल्ड विंगबद्दल आहे. २०१८ पासूनच्या गाडीला मागे २००/५५ आर १६ येतो. तिची मापे नव्याने घ्यावी लागतात, इथले आकडे तिला लावू नयेत.

माप

मूळ टायर १८०/६० आर १६, ७४ एच. ७४ म्हणजे ३७५ किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. व्यास काढायचा तर १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी, त्यात १८० च्या ६० टक्क्यांची दुप्पट, २१६, मिळवायची: ६२२.४ मिमी. याच हिशोबाने कारचा १९५/५५ आर १६ येतो ६२०.९ मिमी, म्हणजे जवळपास तोच. २०५/५५ आर १६ येतो ६३१.९, दीड टक्का मोठा. त्याने इंजिन त्याच वेगाला थोडे हळू फिरते, हे काहींना आवडते. पण वाढलेल्या १० मिमीतले पाच मडगार्डच्या बाजूला जातात आणि रुंदी वाढते ती वेगळीच. पहिल्यांदा करणाऱ्याने १९५ च घ्यावा. त्याचा भारांक साधारण ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. वेगाचे अक्षर एच किंवा त्याच्या वरचे हवे. टी चालणार नाही.

रनफ्लॅट घ्यावा की साधा? रनफ्लॅटच्या बाजू जाड आणि ताठ असतात. हवा गेली तरी गाडी काही काळ उभी राहते, पण वळणात तो अडून बसतो आणि चढवताना घाम काढतो. साध्या टायरची बाजू लवते, त्यामुळे गाडी वाकवणे सोपे जाते. यावर डार्कसायडरांत कायमचे दोन तट आहेत. भार जास्त आणि रस्ता सरळ असेल तर रनफ्लॅट, वळणाचे रस्ते जास्त असतील तर साधा.

टायर घेताना बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. दोन वर्षांहून जुना माल सवलतीत मिळाला तरी नको. रबर जितके जुने तितकी बीड, म्हणजे रिमवर घट्ट बसणारी टायरची तारेची कड, ताठ, आणि इथे सगळा खेळ बीडचाच आहे.

खरी अडचण: रिम आणि बीड

जीएल १८०० चे मागचे रिम ५ इंच रुंद, एमटी प्रकारचे. कारचे रिम जे प्रकारचे. व्यास दोन्हींवर १६ च लिहिलेला असतो, म्हणून लोक फसतात. पण रिमच्या काठाची उंची आणि बीड जिथे बसते त्या पट्टीच्या आतला उंचवटा दोन्हींत वेगळा असतो. कारच्या टायरची बीड दुसऱ्याच बैठकीसाठी घडवलेली असते. शिवाय १९५/५५ आणि २०५/५५ या मापांना किमान साडेपाच इंचाचे रिम सांगितलेले आहे. म्हणजे आपण अर्ध्या इंचाने कमी रिमवर हे करतोय. बीड नीट बसली तर टायर चालतो. अर्धवट बसली तर कमी हवेत आणि जोराच्या वळणात ती सरकू शकते, आणि मागच्या चाकाची हवा एका क्षणात गेली तर गाडी सावरायला वेळ मिळत नाही.

चाक काढणे

या गाडीत हा भाग सोपा आहे. स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) एकाच बाजूला असल्याने कारसारखे पाच नट असतात, एक्सल ओढावा लागत नाही. गाडी डबल स्टँडवर सपाट फरशीवर घ्यावी आणि पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून ठेवावा. नट आधी थोडे सैल करावेत, मग मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा सोडवून चाक मागे ओढावे. जुन्या जीएल १५०० मध्ये एक्सल आणि शाफ्टचे दाते यात येतात. तिथे चाक निघालेच आहे तर दाते पुसून मॉलिब्डेनमची पेस्ट लावल्याशिवाय परत जोडू नये.

व्हॉल्व्हजवळ हवेचा सेन्सर असेल तर बीड सुटी करताना यंत्राची फाळ व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला लावावी. सेन्सरवर फाळ पडली की तो तुटलाच.

चढवणे

जुना टायर निघाला की रिमच्या दोन्ही बैठका हिरव्या घासणीने घासून साफ कराव्यात. जुन्या रबराचा पापुद्रा, ॲल्युमिनियमचा पांढरा गंज, खरचटलेली धार, यातले काहीही राहिले तर टायर तिथूनच हवा सोडतो. बोट फिरवून पाहावे, डोळ्यावर भरवसा ठेवू नये. व्हॉल्व्ह नवा आणि धातूचाच घालावा. काटकोनी असेल तर पुढे हवा मोजायचा काटा लावताना बोटे सायलेन्सरला भाजत नाहीत.

बीडला टायर बसवायची पेस्ट लावावी. पातळ साबणपाणी रनफ्लॅटला पुरत नाही, लगेच वाळते. ग्रीस, इंजिन ऑइल, सिलिकॉन स्प्रे अजिबात नको. ते वाळत नाहीत आणि टायर रिमवर घसरत राहतो. टायर एक दिवस गरम खोलीत किंवा उन्हात ठेवला तर बाजू नरम पडतात. बाजूवर ‘आउटसाइड’ किंवा फिरण्याचा बाण असेल तर तो पाहावा. पिवळा ठिपका व्हॉल्व्हशी जुळवावा.

पहिली बीड सहज जाते. दुसरी घालताना समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून ठेवली नाही तर शेवटची वीतभर कड कधीच चढत नाही, आणि जोर केला की बीडची तार तुटते. तार तुटली की नवा टायर भंगारात. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून ‘कट्’ असा आवाज आला तर तो टायर लावूच नये.

मग हवा. व्हॉल्व्हची पिन काढून ठेवावी म्हणजे हवा धबधब्यासारखी आत जाते. नळीला चिमट्याचे तोंड लावावे आणि चाकापासून हात, तोंड दूर ठेवावे. हवा भरायचा लोखंडी पिंजरा असेल तर चाक त्यातच. सर्वसाधारणपणे २० ते ४० पीएसआयमध्ये ‘टक्’ असा आवाज दोनदा येतो, प्रत्येक बीडचा एक. कारच्या टायरची बीड बसवताना ४० च्या वर जायचे नाही, ही टायरवाल्यांची पक्की मर्यादा आहे. ६०-७० पर्यंत नेऊन ‘बसवणारे’ भेटतील. तुटलेली बीड रिमवरून कशी उडते ते त्यांनी पाहिलेले नसते.

४० ला बसली नाही? हवा पूर्ण सोडा, दोन्ही बीड परत सुट्या करा, पेस्ट पुन्हा लावा, टायर पाव फेरा फिरवा, पुन्हा भरा. तीनदा करूनही बसत नसेल तर तो टायर त्या रिमचा नाही. दुसऱ्या कंपनीचा घ्या. त्याच मापात बीडची घडण कंपनीगणिक बदलते.

बसली की नाही हे आवाजावर ठरवू नये. टायरच्या बाजूवर रिमच्या काठाला समांतर एक बारीक उठावदार रेघ असते. ती काठापासून सगळीकडे सारखी दूर दिसली पाहिजे. पट्टी घेऊन आठ ठिकाणी, दोन्ही बाजूंनी मोजावे. एके ठिकाणी ३ मिमी आणि समोर ५ असेल तर बीड बसलेली नाही, मग चाक कितीही गोल फिरताना दिसो. पिन घालून ३६ भरावी, साबणपाणी फिरवावे आणि चाक रात्रभर ठेवून सकाळी काटा पुन्हा लावावा.

बॅलन्सिंग कारच्या यंत्रावर होते, फक्त चाकाच्या मधल्या भोकाला बसणारा शंकू हवा. वजने चिकटवायची घ्यावीत.

जागा आणि जोडणी

चाक लावण्याआधी स्विंगआर्मच्या आतल्या बाजूला आणि मडगार्डच्या छताला मुलांच्या खेळातली माती जाडसर थापावी. चाक लावून, दोन माणसे बसवून, सस्पेन्शन खाली दाबून हाताने फिरवावे. मातीवर ओरखडा उठला तर टायर तिथपर्यंत येतो, तिथे किती माती उरली ते मोजावे. वेगात टायर फुगतो, म्हणून उरलेली माती किमान ८ मिमी जाड असावी. ब्रेकची नळी आणि वायरी यांवरही नजर टाकावी.

नट चांदणीसारखे एकाआड एक, तीन टप्प्यांत आवळावेत: ४०, ८०, शेवटी १०८ न्यूटन मीटर. टॉर्क पाना हवाच, पायाने दाबलेला पाना नको. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे.

हवा किती

मूळ टायरला ४१ पीएसआय असते. कारच्या टायरला एवढी भरली तर पाठ ताठ राहते आणि गाडी वाकायला नकार देते. थंड टायरला ३६ पासून सुरुवात करावी. रबरावर आडवी खडूची रेघ मारून एक-दोन किलोमीटर सरळ जावे. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडेचीच पुसली तर कमी. दोन-दोनने उतरावे, पण या रिमवर ३० च्या खाली नाही. खाली गेल्यास वळण आणखी सोपे वाटेल, पण बीडवरचा दाबही तेवढाच कमी होईल. तासभर हायवेवर चालवून लगेच काटा लावावा: थंड ३४ चे गरम ३७-३८ झाले तर ठीक. ४० च्या वर गेले तर टायर जास्त लवून तापतोय, थंड हवा वाढवावी.

चालवताना

पहिले दोनशे किलोमीटर एकट्याने, कोरड्या रस्त्यावर. गोल टायर वळणात आपणहून पडतो, सपाट टायर सारखा उभा राहायला पाहतो. ज्या बाजूला वळायचे त्या बाजूची मूठ पुढे दाबायची ही जुनीच रीत, पण इथे वळण संपेपर्यंत दाब सोडायचा नाही. सोडलात की गाडी सरळ होऊन बाहेरच्या कडेला जाते. मधे फुगलेल्या रस्त्यावर ती उताराकडे ओढते. डांबर खरवडलेल्या रस्त्यावर आणि ट्रकच्या चाकोऱ्यांत मागचे चाक स्वतःची वाट शोधते. हँडल घट्ट आवळू नये, ढिले धरावे. ओल्या सरळ रस्त्यावर ब्रेक चांगला लागतो, पण साचलेल्या पाण्यावर सपाट पाठ तरंगते, तिथे वेग आधीच कमी करावा.

मूळ टायर चढवलेले जुने दुसरे रिम गॅरेजमध्ये टांगून ठेवावे. गाडी सर्व्हिसिंगला न्यायची असेल किंवा विकायची असेल, तर पाच नटांचे काम आहे.