हेडफोनमध्ये गुणगुण, खरखर येतेय? हेडफोन बदलण्याआधी हे करून पाहा

लॅपटॉपला जोडलेले हेडफोन कानाला लावले, अजून गाणं सुरूही केलं नाही, तरी मागे काहीतरी घुंऽऽ चालूच. अशा वेळी आपण थेट नवे हेडफोन घेतो. मीही घेतले, दोनदा. दोष निघाला चार्जरचा. म्हणून आधी तो आवाज नीट ऐका: कसा येतो, कधी येतो, काय केल्यावर थांबतो.

सुरुवात सोपी. तेच हेडफोन मोबाइलला लावा. तिथेही खरखर असेल तर हेडफोन किंवा त्याची वायर गेली, विषय संपला. मोबाइलवर साफ वाजत असतील तर लॅपटॉपमधला प्लग जरा फिरवून बघा. फिरवताना खर्र वाजत असेल तर जॅकमध्ये धूळ, खिशातला कापूस साचलेला असतो. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई, टाचणी नको. आतल्या पात्या नाजूक असतात.

आता खरी परीक्षा. चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली? मग चोर सापडला. चार्जरमधला विजेचा गोंगाट दाबायला आत छोटे कपॅसिटर असतात, आणि त्यांच्यातून किंचित वीज लॅपटॉपच्या बाजूला झिरपते. दोन पिनी चार्जर असेल तर तिला जमिनीत उतरायला वाटच नसते. धातूच्या बॉडीवरून बोट फिरवताना झिणझिण्या येतात ना, त्या याच. बॉडीला हात लावल्यावर हेडफोनमधला आवाज कमी-जास्त झाला तर शंकाच उरत नाही. उपाय म्हणजे तीन पिनी चार्जर आणि अर्थिंग असलेलं सॉकेट. मात्र जुन्या घरांत बऱ्याचदा सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे अर्थिंगची तारच जोडलेली नसते. वायरमनला बोलावून ते एकदा तपासून घ्या.

हेडफोनच्या जॅकमधून स्पीकर किंवा ॲम्प्लिफायरला वायर दिली असेल तर प्रकरण उलट असू शकतं. लॅपटॉपला एक अर्थिंग, ॲम्प्लिफायरला दुसरं, आणि मधल्या ऑडिओ वायरीतून दोन्ही जोडलेली: हा ग्राउंड लूप, आणि त्यातून आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची भुणभुण ऐकू येते. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरी थांबली नाही तर ऑडिओ वायरीच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. छोटीशी डबी असते, आत ट्रान्सफॉर्मर. काही जण प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. आवाज जातो खरा, पण शॉकपासून वाचवणारी पिनही जाते. हे करू नका.

बॅटरीवरही आवाज येतोच? मग सेटिंग बघा. विंडोजमध्ये मायक्रोफोनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’वरची टिक काढा आणि माइक बूस्ट शून्यावर आणा, खोलीतला पंखाच कानात घुमत असतो कधीकधी. गाणं सुरू होताना किंवा थांबल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ होत असेल तर साउंड चिप वीज वाचवायला झोपी जातेय आणि उठतेय. लिनक्सवर तिचं पॉवर सेव्ह शून्य केलं की हे बहुधा थांबतं. गाणं चालू असताना, मशीनवर ताण आल्यावरच तडतड होत असेल तर ड्रायव्हर अपडेट करा.

माउस हलवला, पान सरकवलं की चिर्र होत असेल तर मदरबोर्डवरचाच गोंगाट ऑडिओ सर्किटमध्ये शिरतोय. त्यावर सेटिंगचा इलाज नाही. यूएसबीचा बाहेरचा डॅक (डिजिटल आवाजाचा हेडफोनला लागणारा सिग्नल करणारी छोटी डबी) घ्या, म्हणजे आतलं सर्किट वापरावंच लागत नाही. कानात खुपसायच्या संवेदनशील इअरफोनमध्ये येणारी सततची बारीक सूंऽऽ देखील चांगल्या डॅकने बरीच कमी होते. पण डॅक लावूनही चार्जर जोडल्यावरच घुंऽऽ येत असेल, तर पुन्हा त्या तिसऱ्या पिनकडे चला.