जुन्या भांड्यांचा दिवा करताय? या चुका टाळा

भांडीबाजारात मोडीला आलेली एक पितळी चाळण मी वजनावर उचलली, चिंच-मीठ लावून लखलखीत केली आणि जेवणाच्या टेबलावर दिवा म्हणून टांगली. भिंतीवर बारीक ठिपक्यांची नक्षी पडायची. येणारा-जाणारा मान वर करून बघायचा. पंधराएक दिवसांनी सासूबाई ओल्या फडक्याने चाळण पुसायला गेल्या आणि "अगंबाई!" म्हणत हात झटकून मागे सरल्या. झिणझिण्यांवर निभावलं, एवढंच नशीब.

वायरमनकाकांनी चाळण उतरवून उलटी केली. मी एका मोडक्या टेबललॅम्पची वायर काढून त्यात ओवली होती. सगळंच टाकाऊतून करायचं, हा माझा हट्ट. ती वायर भोकाच्या धारदार कडेवर घासून सोलली होती. आतली तांब्याची तार पितळेला टेकलेली, म्हणजे अख्खी चाळण फेजवर, विजेच्या जिवंत तारेवर! "ताई, भांडं जुनं चालतं. वायर जुनी चालत नाही," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. शेड भंगारातली, पण होल्डर, वायर, स्विच दुकानातून नवं. दिव्याला ०.७५ चौरस मिमीची तीन कोरची, म्हणजे आत तीन तारा असलेली, लवचीक वायर पुरते, आणि तिचा खर्च चाळणीच्या मानाने किरकोळ असतो.

तीन कोरचीच का? भांडं धातूचं असेल तर तिसरी हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर त्याला जोडावीच लागते. इथे आणखी एक चूक हमखास होते. चकाकी टिकावी म्हणून भांड्याला लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारतात आणि अर्थिंगचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, त्या लॅकरवरच कसतात. स्क्रू घट्ट, पण जोड शून्य. थिंबल बसतं तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून उघडी करा, मगच नट आवळा. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्येच काय, बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्येही छताच्या पॉइंटला दोनच वायरी निघतात, अर्थिंग नसतंच. मग अर्थिंगची वायर ओढून घ्या, नाहीतर पितळेचा मोह सोडून बांबूची टोपली टांगा.

"एमसीबी का नाही पडला?" हा आमच्या घरातला पुढचा प्रश्न. एमसीबी म्हणजे मेन बोर्डातला आपोआप बंद होणारा खटका. तो शॉर्ट सर्किट किंवा जादा लोड झाला की पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबी काहीच नसतो. तो ओळखायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पडणारा खटका, लागतो. तो बसवल्यावर नवा दिवा लावताच खटका पडत असेल, तर खटक्याला शिव्या देऊ नका. कुठेतरी गळती आहे, ती शोधा.

भोक पाडायचं काम मला सगळ्यात अवघड गेलं. पितळेत ड्रिल आरपार जाताना बिट अडकतं आणि भांडं गर्रकन फिरतं. आधी पंच मारून खूण करा, पाठीमागे लाकडाचा ठोकळा धरा, शिकंज्यात आवळा. भांडं हाताने धरायचं नाही, हे मी अंगठ्यावरच्या व्रणाच्या साक्षीने सांगते. मग कड कानशीने मारा आणि रबराची ग्रोमेट, म्हणजे वायर कडेवर घासू न देणारी चकती, बसवा. पाच-दहा रुपयांची ती चकती मी आधीच घातली असती, तर सासूबाईंच्या हाताला काही झालं नसतं.

वजन वायरवर टाकू नका. होल्डरच्या टोपणात वायरीला गाठ मारायची म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. पण ही गाठ हलक्या शेडपुरती. दोन-तीन किलोच्या पितळी हंडीला साखळी हवी, आणि साखळीचा हूक स्लॅबमध्ये. पीओपीच्या छतात बसवलेला हूक आज नाही तर उद्या पीओपी घेऊनच खाली येतो.

वाइनच्या बाटल्यांना आपल्या नाशकात तोटा नाही, त्यामुळे त्यांचे दिवे सगळेच करून बघतात. स्पिरिटमध्ये भिजवलेला दोरा पेटवून बाटली तोडायची युक्ती दहातून एकदा सरळ कापते, असा माझा अनुभव. काचकाम करणाऱ्याकडून पाण्याखाली कापून घ्या आणि कड घासून घ्या. घरी आल्यावर कळतं की ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब सुमारे ६० मिमी जाड असतो आणि बाटलीत जेमतेम मावतो. वरून गळ्यात वायर ठासलेली, त्यामुळे गरम हवेला वाट नाही. एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे. त्याच्या बुडाशी असलेलं सर्किट तापतं आणि कोंडलं तर लवकर मरतं. बल्ब दोन-तीन महिन्यांत जात असतील तर कंपनीला दोष देण्याआधी हवा खेळते का बघा. बाटलीत ३-४ वॅटचा छोटा बल्ब पुरे. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब मात्र बाटलीत नको आणि बांबूत तर नकोच, टोपली करपते.

दिवा लुकलुकतो? आधी मेन बंद करून होल्डरचे स्क्रू तपासा, बहुतेकदा तार सैल असते. स्विच बंद असूनही एलईडी मंद मिणमिणतो? एक तर स्विचमधला लाल इंडिकेटर थोडा करंट सोडतो, किंवा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलाय. दुसरं असेल तर बटण बंद असतानाही होल्डर जिवंत असतो. बल्ब बदलायला हात घालू नका, वायरमनला बोलवा. आट्यांचा होल्डर असेल तर फेज मधल्या टिकलीला हवा, आट्यांना नाही, हेही तेव्हाच बघून घ्या.

आणि पितळेखाली पांढरा ६५०० केल्विनचा बल्ब लावू नका. चाळण कथलाची वाटायला लागते. २७०० ते ३००० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा लावा.