हरलेल्या रूपांकडे बघा: ऑप्टिमॅलिटी थिअरी शिकणाऱ्यांसाठी

भाषाविज्ञानात ध्वनिव्यवस्थेचा पेपर घेतला की ऑप्टिमॅलिटी थिअरीचे तक्ते समोर येतातच: रकाने, तारे, उद्गारचिन्हं, विजेत्या रूपाकडे बोट दाखवणारा हात. एका शब्दाची शक्य रूपं स्पर्धेत उतरतात आणि निर्बंध, म्हणजे ‘हे नको’ सांगणाऱ्या अटी, सगळ्यांत चांगल्या पाळणारं रूप जिंकतं, असं ही थिअरी मानते. मला हा विषय आवडू लागला तो हरलेल्या रूपांमुळे. लोक काय बोलतात हे आपल्याला आधीच ठाऊक असतं; बाकीची रूपं का हरली, हे दाखवण्यातच खरं काम आहे.

‘स्टेशन’ घ्या. कुणी ‘इस्टेशन’ म्हणतं, कुणी ‘टेशन’, कुणी जसंच्या तसं ‘स्टेशन’. चॉम्स्की आणि हॅले यांच्या 1968च्या, नियमांवर चालणाऱ्या चौकटीत स्वर वाढवण्याचा एक आणि ‘स’ गाळण्याचा दुसरा, असे दोन नियम लिहावे लागतात. दोन्हींना शब्दारंभीचं जोडव्यंजनच टाळायचंय, पण ते नियमांत कुठे दिसतच नाही. अशा एकाच हेतूने चालणाऱ्या वेगवेगळ्या नियमांवर किसेबर्थ यांनी 1970मध्ये बोट ठेवलं होतं. प्रिन्स आणि स्मोलेन्स्की यांच्या 1993च्या मांडणीत, म्हणजेच ऑप्टिमॅलिटी थिअरीत, निर्बंध सगळ्या भाषांना समान असतात आणि ते मोडताही येतात. भाषेगणिक बदलतो तो त्यांचा क्रम: वरचा निर्बंध पाळण्यासाठी खालचा मोडला तरी चालतो.

इथे तीन निर्बंध पुरतात: आरंभी जोडव्यंजन नको, काही गाळू नको, काही वाढवू नको. त्यांचे क्रम सहा. सहाही तक्ते कागदावर, हाताने काढा. उत्तरं मात्र तीनच येतील, कारण सगळ्यांत खालचा निर्बंध कोणता यावरच निकाल ठरतो. मग ‘इटेशन’ हे रूप घालून बघा. ते गाळतंही आणि वाढवतंही, त्यामुळे ‘टेशन’पुढे कुठल्याही क्रमात टिकत नाही. याला हार्मोनिक बाउंडिंग म्हणतात. काय घडू शकत नाही हेही सिद्धान्त सांगतो, आणि माझ्या मते त्याची सगळी ताकद इथेच आहे.

पाच निर्बंधांचे 120 क्रम होतात, दहांचे 36,28,800. तिथे ब्रूस हेज यांचं ओटीसॉफ्ट हे सॉफ्टवेअर वापरा, पण हात बसल्यावरच.

उदाहरण अडलं की नवा निर्बंध बनवायचा मोह प्रत्येकाला होतो. थांबा. प्रत्येक नवा निर्बंध हा जगातल्या सगळ्या भाषांबद्दलचा दावा असतो; त्याने क्रम बदलून आणखी कोणत्या भाषा शक्य होतात, हे आधी तपासा.

पुढे ओपॅसिटी भेटेल: एखाद्या बदलाचं कारण अंतिम रूपात उरलेलंच नसतं. मधल्या पायऱ्या नसलेल्या मूळ मांडणीला हे जड जातं. त्यावर किपार्स्की यांनी स्तर सुचवले, म्हणजे एका टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्याला द्यायचं; मॅकार्थी यांनी एका वेळी एकच बदल करणारी हार्मोनिक सीरिअलिझम पुढे नेली. दोन्ही वाचा, पण एकच उदाहरण घेऊन दोन्हीकडे सोडवत वाचा.