पहिल्या खुड्याआधी पिकअपचं पुढचं चाक उचलून बघा

आषाढ सरत आला. दिंडोरी, निफाड, चांदवड पट्ट्यात जूनमध्ये लावलेल्या टोमॅटोची बांधणी बहुतेकांची उरकली असेल. अजून दोन-तीन आठवड्यांत पहिला खुडा निघेल. करप्यावर, नागअळीवर सल्ले देणारे पुष्कळ आहेत. माझं सांगणं दारात उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षं जुन्या पिकअपबद्दल आहे. पुढच्या चाकामागे, चाक गाडीला जोडून ठेवणाऱ्या बॉल जॉइंटवर एक रबरी टोपी असते. ती फाटली आहे का, एवढं पाऊस उघडला की लगेच बघा.

टोमॅटोचा माल रस्त्यात गेलेला मी तीनदा पाहिला. तिन्ही वेळा बॉल जॉइंट निसटलेला, चाक बाहेर फाकून आडवं पडलेलं आणि गाडी नाकावर बसलेली. वणी-पिंपळगाव रस्त्यावरचा तो एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. रात्रीचा पाऊस, साइडपट्टीवर फुटलेली कॅरेट, आणि मालक टॉर्च घेऊन चांगली फळं वेचतोय. वर्षभर फवारणीत एक दिवस न चुकलेला माणूस तो. रबर मात्र उन्हाळ्यातच फाटलेलं होतं आणि त्याला ते माहीत होतं. म्हणाला, "चालत होती ना गाडी."

चालते, तोच घोळ आहे. जॉइंटमध्ये वाटीत बसलेला पोलादी गोळा असतो, भोवती ग्रीस, वरून रबर. रबराला चीर पडली की शिवाररस्त्याचं गढूळ पाणी आत जातं, ग्रीस धुपतं आणि मागे राहिलेली बारीक रेती जात्यासारखी दळत राहते. वाटी झिजते, गोळा खेळायला लागतो. आधी खड्ड्यात 'टक' असा आवाज येतो, मग स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, मग टायर एका कडेने खाल्ला जातो. त्यात आपण शंभर कॅरेट लादतो. वीस किलोच्या हिशेबाने माल दोन टन झाला, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळं. आरसी बुकात किती लिहिलंय ते एकदा उघडून बघा.

आता एक गोष्ट आपल्याच हातची. चिखल काढायला आपण फवारणीच्या एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाची गन थेट चाकामागे धरतो. त्या दाबाने पाणी धडधाकट रबराच्या ओठातूनही आत शिरतं. गाडी धुवा, पण जॉइंटवर साधी नळी सोडा. तसंच पावसाळ्याआधी गंज धरू नये म्हणून खालून जळकं ऑईल मारतात. पत्र्याला मारा, पण बुश (सांध्यातले रबरी नळकांडे) आणि रबरी टोप्यांवर उडू देऊ नका. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडून सुटतं.

तपासणीला अर्धा तास पुरतो. मागच्या चाकांना दगड लावा. पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर जॅक खालच्या चिमट्याखाली (चाक धरणाऱ्या खालच्या आर्मखाली), जॉइंटच्या जवळ लावा. चासीखाली लावला तर स्प्रिंगच्या दाबाने जॉइंट ताणलेला राहतो आणि ढिल लपते. पुढे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) असतील तर जॅक धुऱ्याखाली. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, बाभळीचे जाड गुटके किंवा घोडी लावाच. मग चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिल गेली तर दोष हब बेअरिंगचा. राहिली तर बॉल जॉइंट, आणि पाट्याच्या गाडीत किंग पिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती पिन. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळलं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक बघा. शेवटी टायरखाली पहार घालून उचकटा आणि दुसऱ्याला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं.

नुसतं रबर फाटलंय आणि ढिल अजिबात नाही, असं असेल तर रबर बदलून, आतलं पुसून ग्रीस भरलं की हंगाम निघतो, हा माझा अनुभव. कंपनीचं पुस्तक जॉइंटच बदला म्हणेल, आणि चीर कधी पडली ते आठवत नसेल तर पुस्तकाचं ऐका. ढिल असेल तर चर्चा नको, जॉइंट नवा.

इथे दुकानदार पुढे सरसावतो. "पूर्ण फ्रंट किट टाका भाऊ, टेन्शन नाही." कृषी सेवा केंद्रात एका अळीच्या औषधासोबत दोन टॉनिकं बांधून देतात, त्यातलाच हा प्रकार. जे खेळतंय तेच बदला. बॉल जॉइंट दोन्ही बाजूंचे जोडीने घेतले तर बरं, कारण दोघांनी सारखेच खड्डे खाल्लेले असतात. लाल-निळ्या रंगाचं महागडं ग्रीस नको, साधं लिथियम बेसचं एपी-३ चालतं. पण जॉइंट मात्र मोकळ्या पिशवीतला, बिनबिलाचा घेऊ नका. तिथे वाचवलेले पैसे रस्त्यावर जातात.

मिस्तरी काम करत असताना जवळ उभे राहा. तीन गोष्टींवर नजर हवी.

चिमट्याच्या आणि पाट्याच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळायचे नाहीत. नुसते बसवून चाकं जमिनीवर टेकवायची, गाडी दोनदा दाबून सोडायची आणि मग आवळायचे. लटकत्या गाडीत आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळलेला राहतो आणि एका हंगामात फाटतो. घाईत हे दहातले आठ जण चुकतात असा माझा अंदाज आहे, आणि मग दोष बुशला देतात.

जॉइंटच्या नटाची खाच कोटर पिनच्या (नट सुटू नये म्हणून घालतात ती पिन) भोकासमोर येत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही. पिन नवीनच हवी. तारेचा तुकडा घातलेला मी पाहिला आहे.

टाय रॉड एंड काढताना आटे मोजून ठेवायला लावा, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट कराच. नाहीतर नवे टायर महिन्यात एका कडेने झिजतात.

कॉइल स्प्रिंग काढायची वेळ आली तर शिकंजा (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) असलेल्या गॅरेजमध्येच जा. दोरीने बांधून काढायचा खेळ कोणी सुचवला तर गाडी परत घेऊन या.

बाकीची कामं:
– ग्रीस भरायचं निपल असलेल्या जागी ग्रीस, ओठातून ताजं ग्रीस दिसेपर्यंत. त्यापुढे दाबलं तर रबर फुटतं
– ग्रीस भरायचं अंतर पुस्तकात आहे तेच, पावसाळ्यात त्याच्या निम्म्यावर (हा माझा हिशेब)
– यू-बोल्ट आवळणे, पाट्याचा सेंटर बोल्ट बघणे
– शॉकअपमधून तेल गळतंय का
– टायरवर तळहात फिरवणे, कड खवल्यासारखी लागते का



नवीन जॉइंट टाकल्यावर पहिली खेप निम्म्या मालाची न्या. परत आल्यावर तेच चाक पुन्हा उचला, नट आणि पिन बघा. सप्टेंबर संपता संपता हस्ताचा पाऊस येतो आणि नेमका तेव्हाच माल जोरात असतो. त्याच्या आठवडाभर आधी तोच अर्धा तास पुन्हा काढा. मधल्या काळात खड्ड्यात 'टक' ऐकू आलं तर भरलेली गाडी तशीच मार्केटला दामटू नका. शेजाऱ्याची गाडी भाड्याने सांगा.