अध्ययन अक्षमता : दाखल्याचं काम बारावीच्या आधीच उरका

अध्ययन अक्षमतेमुळे (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, उदा. डिस्लेक्सिया) दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळालेल्या मुलांची खरी अडचण कॉलेज प्रवेशात होते. शाळेच्या सवलतीचं जुनं पत्र तिथे बहुधा चालत नाही, दिव्यांगत्वाचा दाखला लागतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, पण अक्षमता ४० टक्के किंवा जास्त असावी लागते.

१. अकरावीतच केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर दाखल्यासाठी आणि यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज भरा. तपासणीला वेळ लागतो.
२. दाखल्यावर टक्केवारी स्पष्ट लिहिलीय ना, ते तिथेच वाचा.
३. जुने अहवाल, शाळेची पत्रं एका फाइलीत ठेवा.

सांभाळा : आधार, गुणपत्रिका आणि दाखला, तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं हवं.