जहाजासाठी ड्रोन घ्यायचाय? आधी डेक बघा

नौदलाच्या कामासाठी ड्रोन निवडायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती तास उडतो? मी म्हणेन आधी विचारा, परत कसा उतरतो. जमिनीवरची धावपट्टी जागेवर असते, पण जहाजाचा डेक वरखाली होतो, कलतो आणि वर पुढेही सरकत असतो.

साधा हिशोब करा. जहाज 15 नॉटने, म्हणजे ताशी 15 सागरी मैल वेगाने चाललंय, ड्रोन सोडला आणि तो 40 मिनिटांनी परत आला, तर तोवर जहाज 10 सागरी मैल म्हणजे जवळजवळ 18.5 किमी पुढे गेलेलं असतं. साधा ड्रोन संपर्क तुटल्यावर जिथून उडाला त्याच जागी परत जातो, आणि तिथे आता नुसतं पाणी आहे! म्हणून चालत्या जहाजाचा माग काढून उतरता येतं का, आणि जीपीएस जाम झालं तर काय, हे आधी पक्कं करा. आजूबाजूला सगळं पोलाद असल्यामुळे डेकवर कंपासही गंडतो, तेही विचाराच.

आता प्रकार. हेलिकॉप्टर डेक असेल तर रोटरवाला सोपा पडतो, उदा. कॅमकॉप्टर एस-100, जास्तीत जास्त वजन 200 किलो, सरळ वर उडतो सरळ खाली उतरतो. डेक छोटा आहे आणि तासन् तास टेहळणी हवी तर स्कॅनईगलसारखा पंखवाला बघा, त्याला कॅटापल्टवरून, म्हणजे गोफणीसारख्या यंत्रावरून फेकतात आणि परत येताना तो उभ्या टांगलेल्या दोराला पंखाच्या टोकाच्या हुकने अडकतो, बघायला भन्नाट वाटतं पण ती सगळी यंत्रणा डेकवर जागा खाते हे विसरू नका. सीगार्डियनसारखे मोठे ड्रोन एरवी किनाऱ्यावरच्या धावपट्टीवरूनच उडतात, त्यामुळे ते जहाजाच्या खरेदीत मोजूच नका.

इंधनाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मला ते खरंच खटकतं. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेऊ शकते, जहाजात असा साठा म्हणजे जिवाशी खेळ. जेपी-5 या नौदलाच्या विमान-इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, किमान 60 अंश सेल्सिअस असतो, म्हणून अशा हेवी फ्युएलवर (केरोसीन-डिझेलच्या जातीच्या इंधनावर) चालणारं इंजिन मागा. बॅटरीवाला घेतला तर लिथियम बॅटऱ्या ठेवायची आणि चार्ज करायची वेगळी जागा लागेल, खराब झालेली बॅटरी पेटली की विझवणं फार अवघड.

रेंजचा आकडा वाचताना पृथ्वीची गोलाई लक्षात ठेवा. अँटेना 16 मीटरवर आणि ड्रोन 900 मीटरवर असेल तर थेट रेडिओ संपर्क फार तर 140 किमीपर्यंत, ड्रोन 100 मीटरवर आला की तोच 57 किमीवर येतो. त्यापुढे जायचं तर सॅटेलाइट लिंक हवी, मग वजन वाढतं आणि खर्चही.

कॅमेरा भारी आहे म्हणून खूश होऊ नका, समुद्र एवढा मोठा की नुसत्या कॅमेऱ्याने शोधणं म्हणजे स्ट्रॉमधून बघण्यासारखं. आधी रडारने ठिपका सापडतो, मग कॅमेरा तिकडे वळवायचा. एआयएस, म्हणजे जहाजं स्वतःची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा, तिचा रिसीव्हर असावाच, पण ज्याला लपायचंय तो एआयएस बंदच ठेवतो.

खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात, लेन्सवर मिठाचा पापुद्रा धरतो. दर उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुता येतो का, कुठला भाग किती तासांनी बदलायचा, हे लेखी घ्या.

आणि डेमो बंदरात उभ्या जहाजावर दाखवला तर मान्य करू नका. चालत्या जहाजावर, आडव्या वाऱ्यात, रात्री, तुमच्याच माणसांच्या हातून सलग दहा वेळा उतरवून दाखवायला सांगा.